योरुबांची 'आशे', ओरी आणि इफा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'एनर्जी' हा शब्द हल्ली कशालाही चिकटतो. घराला, दगडाला, माणसाच्या नुसत्या असण्याला. त्यामुळे योरुबा धर्माबद्दल कुणी विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे तिकडची एनर्जी ना?" थोडीफार हो, पण बरीचशी नाही. पुढचे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेले आहेत, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत संपली आहेत.

योरुबा म्हणजे नक्की कोण?

नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग, त्याला लागून असलेला बेनिन देश आणि थोडा टोगो, एवढ्या पट्ट्यातला हा समाज. संख्या काही कोटींत. लागोस, इबादान, अबेओकुटा, ओयो ही त्यांची शहरं. इले-इफे हे त्यांचं मूळपीठ. जग तिथूनच सुरू झालं अशी श्रद्धा आहे आणि तिथल्या राजाला, म्हणजे ऊनीला, आजही मोठा मान आहे. आज बहुतेक योरुबा माणसं ख्रिस्ती किंवा मुसलमान आहेत. जुना धर्म उघडपणे पाळणारे त्या मानाने थोडे. पण अडचणीच्या वेळी गुपचूप विचारायला जाणारे त्यांच्यापेक्षा बरेच जास्त.

'आशे' म्हणजे ऊर्जा, शक्ती की आशीर्वाद?

तिन्ही शब्द अपुरे पडतात. जे म्हटलं ते घडवून आणण्याचं सामर्थ्य, असं म्हटलं तर अर्थाच्या जरा जवळ जाता येतं. हाच शब्द हुकूम, अधिकार या अर्थानेही वापरतात. राजाच्या शब्दाला आशे असते, आईच्या शब्दाला असते, पानाला असते, रक्ताला असते, दगडालाही असते. प्रार्थना संपली की जमलेले सगळे 'आशे' म्हणतात. तिथे आपला 'तथास्तु' चपखल बसतो, फरक इतकाच की तथास्तु वरून देव म्हणतो आणि आशे खालून माणसं म्हणतात.

सगळ्या आशेचा उगम ओलोडुमारे, म्हणजे परमेश्वर. पण ही हवेत तरंगणारी, आपोआप अंगात शिरणारी लहर नव्हे. ती वापरावी लागते : नेमकं नाव घेऊन, नेमकं पान चुरून, नेमक्या क्रमाने शब्द उच्चारून. औषधी पान तोडताना त्या पानाचे शब्द म्हटले नाहीत, तर तो नुसता पाला. म्हणून 'पॉझिटिव्ह व्हायब्रेशन' हे भाषांतर मला पटत नाही. व्हायब्रेशनला पाठांतर लागत नाही, आशेला लागतं.

ओरिशा किती आहेत?

ओरिशा म्हणजे योरुबांचे देव. चारशे एक, असं सांगतात. कुठे दोनशे एक. त्यातला 'एक' महत्त्वाचा : यादी बंद झालेली नाही, अजून एकाला जागा आहे, असा त्याचा अर्थ. ओबाताला पांढऱ्या वस्त्रांचा, माणसाचं शरीर घडवणारा. शांगो विजेचा, ओयोचा एके काळचा राजा. ओया वाऱ्याची. ओशुन गोड्या पाण्याची. येमोजा आई, तिचं नावच 'जिची लेकरं मासे आहेत अशी आई' या अर्थाचं. ओगुन लोखंडाचा, म्हणून लोहार, शिकारी, सर्जन, ट्रक ड्रायव्हर आणि गॅरेजवाले हे सगळे त्याच्या गोतावळ्यातले. नायजेरियातल्या कोर्टात बायबल किंवा कुराणाऐवजी लोखंडावर शपथ घेणारा साक्षीदार ओगुनलाच साक्षी ठेवत असतो. खुद्द ओलोडुमारेची देवळं मात्र सहसा नसतात.

ओरी म्हणजे डोकं. डोक्याची पूजा कशाला?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. बाहेरचं डोकं दिसतं. आत एक 'आतलं डोकं' असतं, ते जन्माआधी आपण स्वतः निवडून आणलेलं. तेच आपलं दैव आणि तोच आपला सगळ्यात जवळचा देव. ओरिशा कितीही मोठा असो, माणसाच्या ओरीने मान डोलावली नाही तर त्याला काही करता येत नाही. तसं सांगणारी वचनं इफाच्या, म्हणजे योरुबांच्या कौल लावण्याच्या विद्येच्या, पदांत आहेत.

डोकं निवडण्याची गोष्ट अशी. अजाला नावाचा एक कुंभार स्वर्गात डोकी घडवतो. हातात कला आहे, पण माणूस बेभरवशाचा. कर्जबाजारी. काही डोकी नीट भाजलेली, काही कच्ची, काहींना तडा गेलेला. पृथ्वीवर निघालेले तीन मित्र त्याच्याकडे डोकी घ्यायला जातात : ओगुनचा मुलगा ओरिसेकू, इजाचा मुलगा ओरिलेमेरे आणि ओरुन्मिलाचा मुलगा अफुवापे. पहिले दोघे थेट जातात. अजाला घरी नसतो, म्हणून समोरची छान दिसणारी डोकी उचलतात आणि निघतात. वाटेत पाऊस गाठतो. कच्ची माती ती, भिजून झिजत जाते. पृथ्वीवर पोचल्यावर दोघं राब राब राबतात आणि हाती काही लागत नाही.

अफुवापे आधी बापाला भेटायला जातो. इफाचा कौल पडतो : बरोबर मीठ घे, पैसे घे. वाटेत एक द्वारपाल रस्सा शिजवत असतो आणि त्यात मिठाऐवजी राख टाकत असतो. अफुवापे त्यात चिमूटभर मीठ टाकतो. द्वारपाल चव घेतो आणि खूश होऊन आतली बातमी देतो : अजाला घरातच आहे, सावकाराच्या भीतीने माळ्यावर लपून बसलाय. अफुवापे त्याचं कर्ज फेडतो. मग अजाला खाली उतरतो, लोखंडी दांडा मारून, आवाज ऐकून डोकी पारखतो आणि एक पक्कं भाजलेलं डोकं त्याच्या हाती ठेवतो.

मडकं घेताना बोटाने टिचकी मारून बघणाऱ्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. मला तिच्यातलं मीठ आवडतं. नशीब उजळायला तप नाही, यज्ञ नाही. दुसऱ्याच्या रश्श्यात काय कमी आहे ते कळलं, एवढंच.

ओरीची पूजा साधी असते. कपाळाला गार पाणी लावायचं, कोला नट (एक कडवट बी) टेकवायचं, डोक्याशी बोलायचं. याला 'डोक्याला खाऊ घालणं' म्हणतात.

म्हणजे सगळं आधीच ठरलेलं? मग प्रयत्न कशाला करायचे?

डोक्याबरोबर पायही लागतात. पाय, म्हणजे 'एसे', हे कष्टांचं प्रतीक. चांगलं डोकं घेऊन एका जागी बसून राहिलेला माणूस कुठेच पोचत नाही. आणि तिसरी गोष्ट 'इवा', म्हणजे वागणूक. योरुबात म्हण आहे, वागणूक हेच सौंदर्य. ज्याची वागणूक वाईट, तो चांगलं डोकंही वाया घालवतो.

मार्गदर्शन कोण करतं?

बाबालावो. शब्दाचा अर्थ 'गुपितांचा बाप'. तो इफाचा पुजारी, आणि इफा म्हणजे ओरुन्मिला या ओरिशाचं शास्त्र. प्रत्येकाने डोकं निवडलं तेव्हा ओरुन्मिला तिथे हजर होता, म्हणून त्याला 'दैवाचा साक्षीदार' म्हणतात. तुम्ही काय मागून आलात ते तुम्ही विसरलात, त्याला आठवतंय. विचारायला जायचं ते त्यासाठी. उद्या काय होणार हे ऐकण्यापेक्षा आपण मुळात काय ठरवून आलो होतो ते आठवण्यासाठी.

शिक्षण लहानपणी सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. बहुतेक सगळं पाठांतर. गुरूच्या घरी राहायचं, पाणी भरायचं, पिशवी उचलायची आणि रात्री पदं घोकायची.

प्रत्यक्ष बसल्यावर काय होतं?

जमिनीवर चटई. समोर लाकडी कोरीव ताट, 'ओपॉन इफा'. बहुधा गोल, काठावर नक्षी आणि त्यात वरच्या बाजूला एशू या निरोप्या ओरिशाचा चेहरा. ताटात 'इयेरोसुन' नावाची पिवळसर भुकटी पसरलेली. बाबालावो निमुळत्या दांडक्याने ताटावर ठोके देऊन इफाला हाक मारतो आणि आपल्या पूर्वजांची, गुरूंची नावं घेतो.

तुम्ही तुमचा प्रश्न त्याला सांगत नाही. जुनी रीत अशी की नाणं किंवा नोट ओठांजवळ धरून त्याच्याशी कुजबुजायचं आणि पुढ्यात ठेवायचं. प्रश्न इफाला कळला, पुजाऱ्याला कळायची गरज नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना हे ऐकून फार हायसं वाटलं. ज्योतिषाकडे गेलं की तो आधी आपल्याकडूनच सगळं काढून घेतो, ही त्यांची जुनी तक्रार.

मग ताडाच्या सोळा बिया, 'इकिन'. डाव्या तळव्यात गच्च धरायच्या आणि उजव्या हाताने झडप घालून जमतील तितक्या उचलायच्या. मागे दोन राहिल्या तर भुकटीत बोटाने एक रेघ, एक राहिली तर दोन रेघा. याहून कमी-जास्त राहिल्या तर पुन्हा. आठ वेळा हे झालं की चार-चार खुणांच्या दोन ओळी तयार होतात, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. ही आकृती म्हणजे 'ओडू'. एका ओळीच्या सोळा शक्यता, दोन ओळींच्या सोळा गुणिले सोळा, म्हणजे 256. संगणकवाले लगेच ओळखतील : हा आठ बिटांचा एक बाइट झाला. रोजच्या कामाला 'ओपेले' ही साखळी वापरतात. तिच्यात बियांच्या आठ अर्ध्या वाट्या ओवलेल्या असतात, एका फेकीत पूर्ण ओडू पडतो.

खरी गंमत यानंतर. प्रत्येक ओडूची कितीतरी पदं असतात, त्यांना 'एसे इफा' म्हणतात. बाबालावो ती म्हणू लागतो. प्रत्येक पदाची घडण साधारण सारखी : अमुक बाबालावोंनी अमक्यासाठी इफा पाहिला, त्याची अडचण ही होती, त्याला हा एबो, म्हणजे अर्पण, सांगितला, त्याने तो केला किंवा कानाआड केला, पुढे असं झालं. त्यातला अमका कधी माणूस असतो, कधी कासव, कधी झाड, कधी गाव. तुम्ही ऐकत राहता. एखाद्या पदाशी तुम्ही थबकता, 'हे माझंच आहे.' तिथे थांबायचं. आपली गोष्ट विचारणारा स्वतः ओळखतो.

पुढचे बारकावे हो-नाही प्रश्नांनी काढतात. तुमच्या एका मुठीत कवडी, दुसऱ्या मुठीत हाडाचा तुकडा. कुठल्या मुठीत काय हे तुम्हालाच ठाऊक. पुन्हा फेक होते, एक हात निवडला जातो, तुम्ही मूठ उघडता. कवडी निघाली तर हो. निकाल 'इरे' असतो, म्हणजे भलं, किंवा 'इबी', म्हणजे अडथळा. इबी आला म्हणून कुणी रडत घरी जात नाही, त्याच्यावर काय करायचं हे त्याच बैठकीत सांगतात.

हे रमलासारखं वाटतंय. संबंध आहे का?

चांगली शंका आहे. रमल या भविष्य सांगण्याच्या विद्येतही एक-दोन ठिपक्यांच्या चार ओळी आणि सोळाच आकृत्या. आपल्याकडे रमल आला तो अरबी-फारसी वाटेने, आणि अरबांची वाळूवरची विद्या सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेतही पोचली होती. इफा तिथून आला, की तिथल्याच मातीतला आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गणित जवळचं आहे हे खरं, पण रमलात सोळा आकृत्यांचा अर्थ लावतात आणि इफात 256 ओडूंची पदं म्हणतात. इफाचा जीव त्या पदांत आहे. 2005 मध्ये युनेस्कोने इफाला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशात स्थान दिलं, ते या वाङ्मयाकडे बघून.

कवड्या टाकून विचारतात ते वेगळं का?

हो. त्याला 'एरिन्दिलोगुन' म्हणतात, शब्दशः 'विसाला चार कमी', म्हणजे सोळा. (आपण 'एकोणीस' म्हणतो तेव्हा विसातून एक वजाच करत असतो, तेव्हा हसू नये.) सोळा कवड्या टाकायच्या आणि तोंड वर करून किती पडल्या ते मोजायचं. हे काम ओरिशांचे पुजारी आणि पुजारिणी करतात. ओशुन ही ओरुन्मिलाची बायको, तिने ही विद्या मिळवली आणि इतरांना दिली, अशी कथा आहे.

आणि या कवड्या आल्या कुठून? मालदीवहून. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेतली कवडी ज्या समुद्रातली, त्याच समुद्रातली. युरोपातले व्यापारी हिंदी महासागरातल्या कवड्या जहाजं भरून नेत, लंडन-ॲम्स्टरडॅमला विकत, आणि तिथून त्या पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून जात. गुलामांची किंमत त्यांच्यात मोजली जायची. इफाच्या जुन्या पदांत एबोची रक्कमही कवड्यांतच सांगितलेली असते.

एबो म्हणजे बळीच ना?

एबो म्हणजे अर्पण. त्यात रताळ्यासारखा दिसणारा मोठा कंद (याम), पामतेल, मध, कापड, पैसे, कबूतर, कोंबडी, बकरा, यांपैकी काहीही असू शकतं. कधी नुसतंच 'अमक्याशी भांडण मिटव', 'अमुक खाणं सोड'. प्राणी मारतात का? मारतात, उगाच गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा मांस शिजवून सगळे खातात. अमेरिकेत यावरून खटला झाला. फ्लोरिडातल्या हायालिया शहराने अशा बळींवर बंदी घातली होती, ती 1993 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द केली. कसाईखाना चालतो, शिकार चालते, आणि फक्त देवाला दिलेली कोंबडी चालत नाही, हा कायदा धर्माला लक्ष्य करणारा ठरला.

एशू सैतान आहे का?

नाही. हा घोळ भाषांतराचा. एकोणिसाव्या शतकात बायबल योरुबात आणताना सॅम्युएल अजायी क्राउदर आणि मिशनऱ्यांना 'सैताना'साठी शब्द हवा होता, त्यांनी 'एशू' उचलला. क्राउदर स्वतः योरुबा, लहानपणी गुलाम म्हणून पकडले गेलेले, सुटलेले आणि 1864 मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झालेले. त्यांच्या भाषेच्या जाणकारीबद्दल शंका नाही. पण त्या एका शब्दाने केलेलं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

एशू हा निरोप्या, चव्हाट्याचा मालक. एबो वर पोचवणारा तोच, म्हणून त्याचा वाटा आधी काढायचा. खोडकर आहे. दोन जिवलग मित्रांच्या शेतांमधल्या बांधावरून तो एक बाजू काळी, एक बाजू पांढरी अशी टोपी घालून गेला. एक म्हणाला काळी टोपीवाला गेला, दुसरा म्हणाला पांढरी. हाणामारीवर आलं. दोघंही खरं बोलत होते. आपली मैत्री पक्की आहे, तिला कसलीच गरज नाही, असं समजून त्यांनी एबो टाळला होता, असंही या गोष्टीत सांगतात.

क्यूबा आणि ब्राझीलमध्ये हे कसं पोचलं?

गुलामांच्या जहाजांतून. ओयोचं साम्राज्य अठराव्या शतकाच्या शेवटापासून ढासळत गेलं, लढायांत पकडलेली माणसं किनाऱ्यावर विकली गेली. क्यूबात त्यातून लुकुमी किंवा सांतेरिया परंपरा झाली, ब्राझीलमध्ये कांदोम्ब्ले. मालकांना कॅथलिक संत दिसत, आत ओरिशा असत : शांगो झाला संत बार्बारा. कोला नट मिळेना तर क्यूबात नारळाचे चार तुकडे टाकून कौल घेऊ लागले. ब्राझीलमध्ये आशेचं 'अशे' झालं आणि आता तो रोजच्या बोलण्यातला, नुसत्या शुभेच्छेचा शब्द आहे.

बायकांना इफाची दीक्षा मिळते?

नायजेरियात 'इयानिफा', म्हणजे इफाच्या पुजारिणी, असतात. क्यूबातल्या परंपरेला हे मान्य नाही. वाद चालू आहे आणि तो चांगलाच तापलेला आहे.

ओशोग्बोच्या देवराईबद्दल ऐकलं, ते काय आहे?

ओशुन नदीकाठची सुमारे 75 हेक्टरची राई, 2005 पासून जागतिक वारसा. योरुबा गावांच्या कडेला अशा राया पूर्वी सर्रास असत, आता फार थोड्या उरल्या. ही टिकली त्यात सुझान वेंगर या ऑस्ट्रियन चित्रकर्तीचा मोठा हात. ती नायजेरियात आली, ओरिशांची पुजारीण झाली, स्थानिक कारागिरांबरोबर तिथे प्रचंड मूर्ती उभारल्या आणि 2009 मध्ये तिथेच वारली.

दर ऑगस्टला उत्सव असतो. 'आरुग्बा' नावाची कुमारिका डोक्यावर नैवेद्याचा मोठा भोपळा घेऊन राजवाड्यापासून नदीपर्यंत चालते. भोपळा कापडाने झाकलेला, तिचा चेहराही जवळजवळ झाकलेला. तिचा पाय अडखळता कामा नये, कारण तो गावाचा अपशकुन. भोवती ढोल, चाबकांचे फटकारे, रेटारेटी, आणि मधोमध ती एक-एक पाऊल जपून टाकत असते. लोक आपली गाऱ्हाणी तिच्या दिशेने बोलून टाकतात. मग नदीचं पाणी बाटल्या-कॅनमध्ये भरून घरी नेतात. अलीकडे वरच्या अंगाला सोन्यासाठी खोदकाम चालतं, त्याने पाणी गढूळ आणि दूषित झालंय. तरी बाटल्या भरल्या जातात.

मी बाहेरचा माणूस. मला विचारता येईल? ऑनलाइन चालतं का?

विचारायला कुणालाही येतं, धर्म बदलावा लागत नाही. दीक्षा ही वेगळी गोष्ट. ती काही दिवस चालते, पुढे पाळायची पथ्यं जन्मभराची असतात आणि बिगर-योरुबा माणसांनीही ती घेतलेली आहे. ऑनलाइन बैठकी आता होतात, आणि फसवणूकही जोरात होते. पहिल्याच बोलण्यात 'तुमच्यावर करणी आहे, आजच्या आज इतके पाठवा' असं आलं तर फोन ठेवावा. ओडू कुठला पडला हे विचारा. नाव सांगता येत नसेल, एकही पद म्हणता येत नसेल, तर समोर बाबालावो नाही. आजारपण असेल तर आधी डॉक्टर.

शब्द बरोबर कसे उच्चारायचे?

देवनागरीत निम्मंच लिहिता येतं. योरुबात तीन सूर आहेत : वरचा, मधला, खालचा. 'ओको' या एका अक्षरजोडीचा सूर बदलला की नवरा, कुदळ, गाडी आणि भाला असे चार वेगळे अर्थ निघतात. म्हणून तिथला ढोल नुसत्या सुरांवर वाक्यं बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याला ती कळतात. आशे म्हणताना पहिलं अक्षर खाली, दुसरं मध्यावर. बाबालावो भेटला तर 'आबोरू, आबोये' म्हणायचं, म्हणजे एबो पोचो, एबो मान्य होवो. तो उलट 'आबोशिशे' म्हणेल : फळाला येवो.